आईचं वळण

मशीनवर माझा कधीच विश्वास नव्हता, आणि गंमत अशी की त्या दिवशी मशीनच बरोबर होतं.

मी भूमेश्वरी दिघोरे, राहणार आंबाटोला, जिल्हा भंडारा. बारावी नापास. पण गोड्या पाण्यातल्या गोगलगाईंचं म्हणाल तर नागपूरचे फिशटँकवाले मला फोटो पाठवून विचारायचे, ताई, ही कोणती? घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये माझ्या चाळीस टाक्या होत्या. सोनेरी गोगलगाय असायची, तिला गिऱ्हाईक जास्त. चकलीसारखी चपटी असायची, तिच्यात नर-मादी असा भेदच नाही, एकीतच दोन्ही. आणि पाणवनस्पतींच्या मुळांना चिकटून फुकटात येणारी बारीक काळी, जी एकदा टाकीत शिरली की काढता काढता जीव जातो. सोनेरीत मात्र नर वेगळा, मादी वेगळी. ओळखायचं तर तिला पाण्याबाहेर धरून गप बसायचं. दहा मिनिटांनी ती कंटाळून अंग बाहेर काढते, मग खांद्यापाशी आत डोकावायचं. धीर नसलेल्या माणसाचं हे काम नाही, म्हणून आमच्या घरात ते मीच करायची.

मादी अंडी घालते पाण्याच्या वर, काचेला चिकटवून, गुलाबी दाण्यांचा घोस. नवे लोक तो घोस पाण्यात पाडतात आणि मग विचारतात, ताई, सडलं काहून? अरे, सडणारच. तिनं वर घातली ती काय तिला पोहता येत नाही म्हणून?

हे झालं माझं. आमच्या गावाचं सगळं होतं तलावावर. बासष्ट घरं ढिवरांची, आणि बासष्टांचं पोट शिंगाड्यावर. जूनमध्ये वेल लावायचे, दसऱ्यापासून शिंगाडा काढायचा. माझे मालक टेकराम आमच्या मच्छीमार संस्थेचे सचिव, त्यांचा सारा दिवस डोंग्यात. पण वरच्या शहराची घाण नाल्यातून येऊ लागली तशी तलावात जलपर्णी माजली. दोन हजार एकेचाळीस साल उजाडलं तेव्हा अर्धा तलाव हिरवा होऊन गेला होता. माणसं लावून काढली की महिन्यात परत तेवढीच. अजून दोन वर्षं अशी गेली असती तर आमचा शिंगाडा संपला असता, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

तेव्हा मैथिली आली. मैथिली घैसास, पुण्याची, एकतिशीची, एका संशोधन संस्थेची डॉक्टर. माझं नाव कोणाकडून तरी ऐकून सरळ शेडमध्ये शिरली आणि अर्धा तास एक शब्द न बोलता टाक्या पाहत राहिली. मला पोरगी तिथंच आवडली. मला दोन मुलगे, दोघं हैदराबादेत, दोघांनाही गोगलगाईची किळस. ही मात्र हातावर घेऊन बसायची. पुढं दोन वर्षं ती आमच्याच घरी राहिली. आधी भाजीत तिखट जास्त म्हणून डोळ्यांतून पाणी काढायची, मग मीच कमी टाकलं तर विचारायची, "भूमाताई, आज बरं नाही का तुम्हाला?"

तिनं आणली होती ती दिसायला माझ्या सोनेरीसारखीच गोगलगाय, पण आतून बदललेली. तिच्या जनुकांत फेरफार केले होते. एका दुपारी भात खाता खाता तिनं मला सगळं समजावलं. जलपर्णीचे धागे इतके चिवट असतात की कुठल्याही गोगलगाईला पचत नाहीत. हिच्या पोटात ते पचवणारा रस तयार होतो, पण केव्हा? अंड्यातून बाहेर आल्यापासून ती औषधाच्या पाण्यात वाढली तरच. त्याच औषधानं ती वांझही होते. म्हणजे तलावात सोडायची, वर्ष-दीड वर्ष ती जलपर्णी खाईल आणि मरून जाईल. मागं पिल्लू ठेवणार नाही.

"आणि औषध नाही भेटलं तर?" मी विचारलं.

"तर ती साधी गोगलगाय. कोवळं दिसेल ते खाणार आणि वारेमाप अंडी घालणार. म्हणून अंडी घालणाऱ्या बिनऔषधाच्या आया कधीच टाकीबाहेर जाता कामा नयेत. फक्त पिल्लं जातील."

"अन् दोन्ही सारख्याच दिसतात. ओळखाच्या कशा?"

तिनं ताटाशेजारी दोन शंख ठेवले. "वळणावरून. आया उजव्या वळणाच्या, पिल्लं डाव्या. तुमच्या तलावातल्या झाडून साऱ्या गोगलगाई उजव्या आहेत. डाव्या-उजव्याचं जुळत नाही, दोघींची अंगं उलट्या बाजूला असतात. म्हणजे चुकून एखादी वांझ नसली तरी गावच्या गोगलगाईशी तिचा संबंध येणार नाही."

"आई उजवी अन् लेकरू डावं? हे कसं गा?"

ती हसली. "गोगलगाईत पिल्लाचं वळण पिल्लाच्या जनुकांवर ठरत नाही, आईच्या जनुकांवर ठरतं. आईनं अंड्यात जे भरून ठेवलं त्यावर पहिला पीळ कुठं पडणार ते ठरतं. आणि आईचं स्वतःचं वळण तिच्या आईवरून आलेलं. म्हणून आई दिसते उजवी, पण तिच्या आत डावं असतं, ते तिच्या पिल्लांत दिसतं. एक पिढी उशिरा."

"आमच्याकडंबी तसंच आहे," मी म्हटलं. "लेकराचं वळण पाहून आईची परीक्षा."

हे तिला इतकं आवडलं की तिनं ते वहीत लिहून घेतलं. मला पण बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या वर्षी तिची दोन हजार औषधवाली पिल्लं तयार झाली. अंडी देऊन झालेल्या आणि नव्यानं फळलेल्या आया होत्या तीन हजार. वाढून दोन्हींचा आकार सारखाच झाला होता, आणि टाक्या अपुऱ्या पडल्या म्हणून शेवटी दोन्ही एकत्रच ठेवल्या होत्या. निवडायला संस्थेनं एक मशीन पाठवलं. वरून गोगलगाय टाकायची, कॅमेरा वळण पाहायचा, आणि ती डाव्या नाही तर उजव्या ट्रेमध्ये पडायची. टेकराम त्या मशीनसमोर उकिडवे बसून तास तास पाहत राहायचे. मी म्हणायची, "आता तिच्याशीच लगन करा जी."

आषाढात सोडायची तारीख ठरली. मोठे साहेब येणार, पत्रकार येणार, मांडव पडला. दोन दिवस आधी पुण्याहून फोन आला, मैथिलीची आई जिन्यावरून पडली, खुब्याचं हाड मोडलं. पोरगी रडत रडत निघाली. गाडीत बसताना म्हणाली, "ताई, डावी तलावात, उजवी टाकीत. मशीन करेल सगळं. तुम्ही फक्त एकदा नजर टाका."

फक्त नजर टाकायची होती. पण नुसती नजर टाकेल ती भूमेश्वरी कसली?

आता माझ्या बापाचं सांगायला पाहिजे. माझा बाप महाशिवरात्रीच्या जत्रेत पूजेचं सामान विकायचा, त्यात शंख असायचे. मी पाच वर्षांची असल्यापासून त्याच्या शेजारी बसायची. दक्षिणावर्ती शंख म्हणजे उजवा शंख, लाखात एक, तो देवघरात ठेवायचा. बापानं मला ओळखायला शिकवलं होतं. शंखाचं टोक खाली धरायचं, तोंड आपल्याकडं. तोंड उजव्या हाताला उघडलं तर उजवा. डाव्या हाताला उघडलं तर साधा, वाजवायचा. शंख धरायची हीच रीत, सारा मुलूख तसाच धरतो. बाप मेला त्याला वीस वर्षं झाली, पण माझ्या हाताला दुसरी रीत माहीत नव्हती.

सोडायच्या दिवशी सकाळी मी डाव्या ट्रेमधली एक उचलली. टोक खाली, तोंड माझ्याकडं. तोंड उघडलेलं उजवीकडं. दुसरी उचलली, तीही उजवी. दहा पाहिल्या, दहाही उजव्या. मग उजव्या ट्रेमधल्या दहा पाहिल्या, त्या सगळ्या डाव्या.

मी टेकरामना हाक मारली. "पाहा जी तुमचं मशीन. डावं-उजवं कळत नाही याले."

"म्याडमले फोन लाव," ते म्हणाले.

"तिची माय ऑपरेशनच्या टेबलावर आहे, अन् मी तिले फोन लावू? मले कळत नाही का?"

ट्रेंवर 'डावी', 'उजवी' अशा चिठ्ठ्या होत्या, त्या मी काढल्या आणि बदलल्या. हातानं, या हातानं. अकरा वाजता साहेबांनी पहिली गोगलगाय पाण्यात सोडली, बायांनी बाकीच्या सोडल्या, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला साडी-चोळी दिली. फोटोत मी मध्ये उभी आहे.

जनुकशास्त्रवाले वळण पाहताना टोक वर धरतात. मला ते कोणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. टोक वर करा, डाव्याचं उजवं होतं आणि उजव्याचं डावं. एवढीच गोष्ट. जत्रेतला उजवा शंख तोच शास्त्रातला डावा.

मला कळलं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. संस्थेनं तलावावर लावायला एक फलक पाठवला होता. 'डावी ती आपली, तिला मारू नका.' खाली मोठं चित्र, टोक वर, तोंड डावीकडं. टेकराम खांबाला तार बांधत होते आणि मी फलक धरून उभी होते. बाया काठावरून ओरडत होत्या, आपली खूप झाली, पाहा, वेलावेलाला आपली. मी वाकून एक उचलली. बोटाच्या नखाएवढी. टोक वर करून पाहिलं, चित्रासारखीच, डावी. बाजूलाच एक मोठी होती. तिलाही टोक वर करून पाहिलं. उजवी.

आम्ही दोन हजार सोडल्या, त्या सगळ्या लिंबाएवढ्या होत्या. नखाएवढ्या आल्या कुठून? शिंगाड्याच्या देठांवर, पाण्याच्या वर, गुलाबी घोस होते. एक, दोन, दहा, जिकडं नजर जाईल तिकडं. आणि सोडल्या त्या दोन हजार नव्हत्याच, तीन हजार आया होत्या, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. सोडण्याच्या घाईत ट्रे मोजले होते, गोगलगाई कोणी मोजल्या? मी फलक उलटा करून काठावर ठेवला.

टेकराम म्हणाले, "काय झालं गा?"

"काही नाही," मी म्हटलं. "ऊन लागलं."

त्याच दुपारी मैथिलीचा फोन आला. तिची आई उठून बसली होती. तलावात नुकत्याच लागलेल्या कॅमेऱ्यांचे आकडे तिला पुण्यात दिसत होते. कॅमेऱ्याला वळण कळायचं, वय कळायचं नाही. "ताई, डाव्या छान टिकल्यात, सगळीकडे पसरल्यात," ती म्हणाली. आवाजात इतका आनंद होता. "तुम्ही नसता तर माझं काय झालं असतं?"

"आईले जप," मी म्हटलं. "इकडं सारं ठीक आहे."

का बोलले नाही? मी स्वतःला हे हजार वेळा विचारलंय. गावात मला पाहून आता लोक बाजूला होऊन वाट द्यायचे. ज्या बायांना मी पंचवीस वर्षं तोंडावर वेडपट म्हटलं, त्यांच्यासमोर उभं राहून म्हणायचं, मला डावं-उजवं कळलं नाही? मला ते जमेना. म्हणतात ना, गोगलगाय अन् पोटात पाय, तशी झाले. मला वाटलं, मीच निस्तरीन. पिल्लांना मोठं व्हायला दोन-अडीच महिने लागतात, ते माझ्याइतकं कोणाला ठाऊक? तोवर आया वेचल्या, घोस पाण्यात पाडले, तर गोष्ट तिथंच थांबेल.

म्हणून मी वेचायला लागले. दुपारी पुरुष जेवून आडवे होत, बाया घरात, तेव्हा मी टोपलं घेऊन पलीकडच्या काठानं उतरायची. छातीएवढ्या पाण्यात, वेलांत हात घालून. लिंबाएवढी, उजवी, टोपल्यात. घोस दिसला की बोटानं खरवडून पाण्यात. एका दुपारी तीस, चांगला दिवस असला तर चाळीस. शेडमागं खड्डा केला, त्यात टाकून वर चुना. घरी विचारलं तर सांगायची, कमळकांदे पाहायला गेली होती. अठ्ठावीस दिवस. अंगावर खाज उठली, नखं गेली. खड्डा भरत होता आणि तलावात नखाएवढ्या होत्या त्या बोराएवढ्या झाल्या, मग लिंबाएवढ्या. एक दिवस डाव्या गोगलगाईनं घातलेला घोस पाहिला. ती माझ्यासमोर देठावरून खाली सरकत होती. मी टोपलं तिथंच सोडून घरी आले.

घटस्थापनेला मैथिली परत आली तेव्हा शिंगाड्याची पानं उरली नव्हती. नुसते देठ. जलपर्णी मात्र जशीच्या तशी, तिला कोणी तोंड लावलं नव्हतं. काठच्या बांध्यांतला धानही त्यांनी खाल्ला होता. मैथिली पाण्यात उतरली, लहान-मोठ्या डाव्या मूठभर उचलल्या आणि एकेक टोक वर करून पाहिली.

"माझ्या वांझ गोगलगाईंनी पिल्लं घातली," ती म्हणाली. "औषध फसलं. आठ वर्षांचं काम खोटं होतं, ताई."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तेव्हाही बोलले नाही. त्यानंतर तिनं शेडमध्ये पाऊल टाकलं नाही.

दिवाळीआधी चौकशी लागली. शाळेच्या हॉलमध्ये जिल्ह्याचे अधिकारी, संस्थेचे दोन म्हातारे शास्त्रज्ञ आणि सगळं गाव. निर्णय आधीच झाला होता, तलावात तांब्याचं विष टाकायचं. गोगलगाय मरेल, मासाही मरेल, वेलाचं बीही. दोन वर्षं पाणी कोणी वापरायचं नाही. त्याशिवाय ही कीड नाल्यानं पुढच्या तलावांत उतरली असती. राहिला प्रश्न दोष कोणाचा. मैथिलीनं लिहून आणलं होतं, दोष माझा, वांझपण टिकलं नाही, हे संशोधन कायमचं बंद करावं. ती सही करायला वाकली. मला ते पाहवेना.

मी उठले. म्हटलं, "चिठ्ठ्या मी बदलल्या."

मग सगळं सांगितलं. बापाचा शंख, टोक खाली, मशीन, ट्रे. सोडल्या त्या आया होत्या. म्हाताऱ्या शास्त्रज्ञानं टाक्यांत उरलेल्या मागवल्या, टोक वर धरून पाहिल्या आणि मान हलवली. टाकीत होत्या त्या वांझ डाव्या, जिवंत, जलपर्णी टाकली की खाणाऱ्या. पोरीचं काम खरं होतं.

"हे तुमच्या केव्हा लक्षात आलं?" अधिकाऱ्यानं विचारलं.

हॉलमध्ये इतकी माणसं होती. "आता," मी म्हटलं. "म्याडमचं ऐकता ऐकता."

कोणी शिव्या देईल असं वाटलं होतं. मागून आमची म्हातारी कौतिकाबाई म्हणाली, "चूक झाली मायच्यानं. बापानं शिकवलं तसं केलं तिनं." दोन-चार बायांनी माना हलवल्या. मैथिली आली आणि सगळ्यांसमोर माझ्या गळ्यात पडली. "कळल्या कळल्या बोललात," ती रडत म्हणत होती, "कोण बोलतं असं, ताई?" तिच्या खांद्यावरून मला टेकराम दिसत होते. ते एकटेच खाली पाहत होते.

दुसऱ्या आठवड्यात विष टाकलं. तीन दिवस मासे वर येत राहिले. दिवाळी झाली न झाली, गावातली तरणी माणसं नागपूर, हैदराबादकडं कामाला निघाली, घरांना कुलपं लागली. मैथिली तिच्या वांझ डाव्या घेऊन दुसऱ्या जिल्ह्यात गेली. जाताना माझ्या पाया पडली. अहवालात तिनं लिहिलंय की चूक ध्यानात येताच भूमेश्वरीताईंनी ती स्वतःहून सांगितली. त्याची प्रत मला पोस्टानं आली.

ती प्रत आली त्या दिवशी टेकराम शेडमागं गेले. डोंगा नव्हता, काम नव्हतं, म्हणून वाफे करायला कुदळ घेऊन गेले होते. बराच वेळ आवाज आला, मग थांबला. मी बाहेर गेले तेव्हा ते खड्ड्याशी उकिडवे बसले होते. चुन्यात पांढरे पडलेले शंख त्यांनी बाजूला काढून रास केली होती.

"हे कधीचे?" त्यांनी विचारलं.

मी त्यांच्यासमोर खाली बसले.

"पोळ्यानंतर तू रोज दुपारी जात होतीस. मी डोंग्यातून पाह्यलं होतं तुले. मले वाटलं, कांदे काढून रायली." त्यांनी एक शंख उचलला, टोक वर करून पाहिला आणि राशीत ठेवला. "किती वेचले?"

"आठशे. थोडे वर."

"तीन हजारांतले." ते शांतपणे बोलत होते, मला ओरडले असते तर बरं झालं असतं. "बासष्ट घरं होती, भूमे. घरची दोन-दोन मानसं पाण्यात उतरली असती तर एका दिवसाचं काम होतं. एक हाक मारायची होती."

"लाज वाटली जी," मी म्हटलं. "गावाची."

त्यांनी हातांचा चुना झटकला. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात त्यांनी कधी उत्तरासाठी थांबून मला काही विचारलं नव्हतं.

"माझीबी?" त्यांनी विचारलं.